रक्ताचा अहवाल आणि चालू असलेलें औषध

रक्ताच्या तपासणीचा कागद हातीं पडला म्हणजे घरांतील मंडळींची दृष्टि प्रथम कोठें जाते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. जो आकडा जाड ठशांत छापलेला असतो, किंवा ज्याच्यापुढें तांबडा बाण वर अथवा खालीं रोखलेला असतो, तेथेंच ती खिळून राहते. बाकीचे वीस आकडे बिचारे यथास्थित असूनहि त्यांची कोणी विचारपूस करीत नाहीं. वर्गांत चाळीस मुलें मुकाट्यानें बसलेलीं असतांना मास्तराचें लक्ष एका खोडकर मुलाकडेच जावें, तसाच हा प्रकार आहे.

मी वैद्य नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म शाळेंत घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. पण न्हावा व शेवा या गांवांच्या आसपास राहणाऱ्या मास्तराकडे लोक अद्याप इंग्रजी कागद वाचून घेण्यास येतात. १९८९ सालीं येथील बंदर सुरू झालें. त्यापूर्वीं जमिनी जाण्याच्या नोटिसा मला वाचून दाखवाव्या लागत. त्या नोटिसांची जागा आतां रक्ताच्या अहवालांनीं घेतली आहे. आणि अहवालाबरोबर येणारा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "मास्तर, हा आकडा वाढला आहे. गोळी बंद करूं का?" परदेशचीं औषधें ज्या ठराविक बंदरांतून देशांत आणण्यास कायद्यानें परवानगी आहे, त्यांत न्हावा शेव्याचें नांव आहे. औषधांच्या पेट्या डोळ्यांदेखत उतरतात, परंतु तें औषध पोटांत गेल्यावर रक्ताच्या आकड्यांचें काय होतें, याची माहिती मात्र त्याच वेगानें घरोघर उतरलेली नाहीं.

प्रथम त्या छापील मर्यादेविषयीं. निरोगी म्हणून निवडलेल्या पुष्कळ माणसांचें रक्त तपासून, त्यांतील मधले शेंकडा ९५ लोक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान येतात, ते दोन आकडे बहुतेक तपासण्यांत मर्यादा म्हणून छापले जातात. म्हणजे उरलेले शेंकडा ५ निरोगी लोक व्याख्येनेंच मर्यादेबाहेर पडतात. आतां थोडें गणित करूं. मास्तराची ती खोडच आहे. एका निरोगी माणसाच्या वीस निरनिराळ्या तपासण्या केल्या, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहींत असें धरलें, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा संभव शेंकडा ६४ येतो. अलीकडे सबंध शरीराच्या तपासणीच्या जाहिराती घरोघर येतात व सत्तर-ऐंशी आकड्यांची पुस्तिका हातीं देतात. तींत एकहि बाण नसला तर मला उलट नवल वाटतें.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मर्यादा ठरविण्यासाठीं निवडलेलीं तीं माणसें सामान्यतः कोणतेंहि औषध न घेणारीं असतात. आपण मात्र रोज सकाळीं दोन व रात्रीं एक गोळी घेऊन त्यांच्या रांगेंत उभे राहतों. यंत्रास तुमचा वयोगट कळतो, तुम्ही पुरुष कीं स्त्री हें कळतें; तुमच्या उशाशीं कोणत्या गोळ्यांचें पाकीट आहे हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

हृदयांत कृत्रिम झडप बसविलेल्या रोग्याचें उदाहरण घ्या. झडपेवर रक्त गोठूं नये म्हणून त्यास वॉर्फरिन, किंवा आपल्या देशांत पुष्कळ वापरलें जाणारें ॲसिनोकुमरॉल हें औषध जन्मभर घ्यावें लागतें. रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हें ज्या आकड्यानें मोजतात, त्यास आय. एन. आर. म्हणतात. औषध न घेणाऱ्या माणसाचा हा आकडा सुमारें १ असतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल जागेवर धातूची झडप असेल तर डॉक्टर तो साधारणपणें २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान मुद्दाम ठेवतात. कागदावर मात्र १ च्या आसपासचीच मर्यादा छापलेली असते, आणि ३ या आकड्यापुढें बाण उभा राहतो. यंत्रास जो दोष वाटतो तोच येथें औषधाचा हेतु आहे! हा बाण पाहून घरच्या माणसांनीं चार दिवस गोळी चुकविली, तर झडपेवर रक्ताची गांठ धरण्याचें भय असतें. ती गांठ मेंदूकडे गेली म्हणजे अर्धांगवायु. उलट तोच आकडा ५ किंवा ६ वर गेला, तर रक्तस्रावाची भीति असते व त्याच दिवशीं डॉक्टरांस कळविलें पाहिजे. कांहीं प्रतिजैविकें हा आकडा झपाट्यानें चढवितात. आणि पालेभाजी एकाएकीं पुष्कळ खाल्ली किंवा अजीबात सोडली, तरी तो हलतो. म्हणून अशा रोग्याचें ताट रोज एकसारखें असलेलें बरें.

थायरॉइडच्या गोळीसंबंधानें होणारा घोटाळा तर घरोघरचा आहे. अहवालांत टी. एस. एच. वाढलेलें दिसलें कीं "थायरॉइड वाढलें, गोळी जास्त होत आहे" असा अर्थ लावला जातो, आणि गोळी अर्धी केली जाते. वास्तविक टी. एस. एच. हा मेंदूच्या खालीं असलेल्या एका लहान ग्रंथीनें गळ्यांतील ग्रंथीस दिलेला हुकूम आहे. मुलें काम करीत नाहींत तेव्हां मास्तराचा आवाज चढतो. तसा शरीरांत थायरॉइडचा रस कमी पडला म्हणजे हा आकडा चढतो. तेव्हां गोळी घेणाऱ्याचें टी. एस. एच. वाढलें, तर बहुधा गोळी कमी पडते आहे, किंवा ती नीट अंगीं लागत नाहीं, असें समजावें. सकाळीं ती गोळी आणि लोहाची अथवा कॅल्शियमची गोळी एकाच घोटांत घेणाऱ्या पुष्कळ भगिनी आहेत. त्या दोहोंत चार तासांचें अंतर हवें, नाहींतर पहिली दुसरीच्या पायांत अडकून पडते. शिवाय मात्रा बदलल्यावर हा आकडा स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशीं पुन्हां रक्त देऊन घाबरण्यांत पैसाहि जातो नि झोपहि जाते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, बाणाकडे लक्षच देऊं नये असें या मास्तराचें म्हणणें दिसतें. तसें मुळींच नाहीं. औषध खरोखरीच अपाय करीत असतें, आणि तो अपाय अंगावर दिसण्यापूर्वीं रक्तांत दिसतो, म्हणूनच तर तपासणी सांगतात. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी पुष्कळ वृद्धांना चालू असते. तिनें रक्तांतील सोडियम व पोटॅशियम उतरतें आणि यूरिक ॲसिड चढतें. यूरिक ॲसिडचा थोडा चढाव पायाचा अंगठा दुखत नसेल तर बहुधा नुसता पाहून ठेवतात. पण सोडियम १३५ च्या खालीं जात जात १२५ पर्यंत आलें, तर आजोबा अडखळूं लागतात, नातवंडांचीं नांवें विसरतात, न्हाणीघरांत पडतात, आणि घरचे म्हणतात, "वय झालें." वय झालें असेलहि, परंतु आठ दिवसांपूर्वीं हेंच वय नव्हतें का? टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या जातींचीं औषधें उलट पोटॅशियम चढवितात आणि क्रिएटिनिनहि थोडें वाढवितात. औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन पूर्वीच्या शेंकडा ३० पर्यंत वाढून तेथेंच थांबलें, तर डॉक्टर सहसा औषध चालू ठेवतात. कारण तीं औषधें मूत्रपिंडांवरील दाब हलका करतात, आणि हा चढ त्याचीच खूण असतो. त्याच्या वर गेलें, किंवा पोटॅशियम ६ च्या घरांत पोंचलें, तर प्रश्न हृदयाच्या ठोक्याचा असतो, तेथें उद्यांपर्यंत थांबूं नये.

आमच्या येथून समुद्रावरून जाणारा लांब पूल १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. त्याचें दुसरें टोक शिवडीस आहे, आणि शिवडी म्हटलें कीं आमच्या पिढीस तेथील क्षयरोगाचें रुग्णालय आठवतें. क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड हीं तिन्ही यकृतास त्रास देऊं शकतात. माझ्या शेजारच्या आळींत कंटेनरच्या गाडीवर काम करणारा एक तरुण आहे. औषध सुरू होऊन महिना झाला तेव्हां यकृताचा एक आकडा ७० आला. छापील मर्यादा ४० होती. त्याला ना ओकारी, ना कावीळ. भूक तर उलट वाढलेली. पण कोणी मित्रानें "लिव्हर खराब होईल" असें सांगितलें आणि यानें परस्पर सर्व गोळ्या थांबविल्या. तीन आठवड्यांनीं खोकला व संध्याकाळचा ताप परत आला, तेव्हां त्याची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली. मीं तिला त्याच दुपारीं दवाखान्यांत धाडलें. क्षयाच्या उपचारांत डॉक्टरांची सर्वसाधारण रीति अशी आहे: ओकारी, पोटदुखी, कावीळ अशीं लक्षणें असून आकडा मर्यादेच्या तिपटीवर गेला, किंवा लक्षणें नसतांनाहि पांचपटीवर गेला, म्हणजे औषध थांबवावयाचें, आणि मग एकेक औषध बेतानें पुन्हां सुरू करावयाचें. या तरुणाचा आकडा दुपटीसहि पोंचला नव्हता. अर्धवट सोडलेल्या औषधानें क्षयाचे जंतु निर्ढावतात, हें आपण ऐकलेलेंच आहे. सुदैवानें त्याचे जंतु निर्ढावले नव्हते असें तपासणींत निघालें, आणि आतां तो गाडीवर परत गेला आहे. रिफाम्पिसिननें लघवी नारिंगी होते. तें रक्त नव्हे आणि कावीळहि नव्हे, एवढें जरी त्या घरास आधीं कोणी सांगितलें असतें तरी निम्मी भीति वांचली असती.

आतां जी गोष्ट सांगतों ती मुंबईची आहे, आणि ती मला फार आवडते. १९२८ सालीं लुसी विल्स नांवाच्या एक इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या. कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्यें एक विलक्षण पंडुरोग त्यांस आढळला. रक्त कमी, आणि ज्या तांबड्या पेशी होत्या त्या प्रमाणाबाहेर मोठ्या. खाण्यांतील कांहीं तरी उणें असावें असें धरून त्यांनीं शोध चालविला, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट या साध्या, स्वस्त चाटणानें त्या स्त्रियांचें रक्त सुधारतें, हें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या चाटणांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें. १९४५ सालीं तें कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेचें नेतृत्व आपल्या आंध्रांतले यल्लाप्रगड सुब्बाराव यांजकडे होतें. आणि फॉलिक ॲसिडचें काम अडविणारीं औषधेंहि त्याच प्रयोगशाळेंतून निघालीं. त्यांतलें मेथोट्रेक्सेट आज संधिवातासाठीं घरोघर दिसतें.

तें घेणाऱ्याच्या रक्तांत तांबड्या पेशींचा आकार थोडा मोठा झाला, तर गिरणींतल्या त्या स्त्रियांच्या रक्ताचीच ती सौम्य छाया आहे. म्हणूनच डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देतात. ती "नुसती जीवनसत्त्वाची" म्हणून गाळावयाची नसते. परंतु पांढऱ्या पेशी किंवा रक्तबिंबिका उतरूं लागल्या, तोंडांत छाले आले, तर ती छाया राहिली नाहीं, संकट समजावें. संधिवातांत हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. रोजच्या गोळ्यांबरोबर तें रोज घेतलें गेल्यानें माणसें दगावलीं आहेत. ज्या घरांत तें औषध आहे, त्या घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या वारावर खूण केलेली असावी.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची गोष्ट थोडक्यांत सांगतों. कित्येक वर्षें तें घेतलें असतां ब-१२ जीवनसत्त्व उतरतें, आणि आपल्यांतील शाकाहारी घरांत तें आधींच बेताचें असतें. पायांस मुंग्या येतात त्या साखरेच्याच असें धरून न बसतां ब-१२ एकदां पाहून घ्यावें. मेटफॉर्मिन सोडण्याचें त्यांत कारण नाहीं.

कांहीं वेळां मात्र शरीरांत कांहींच बिघडलेलें नसतें. औषध तपासणीलाच फसवितें. केस गळूं नयेत म्हणून हल्लीं बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. थायरॉइड मोजण्याच्या कित्येक पद्धतींत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तांत तें अतोनात असलें म्हणजे टी. एस. एच. खोटें उतरलेलें व थायरॉइडचा रस खोटा चढलेला दिसतो, आणि निरोगी बाईवर थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसतो. अमेरिकेच्या औषध खात्यानें २०१७ सालीं याविषयीं जाहीर इशारा दिला होता. त्यांत हृदयविकाराच्या झटक्याची एक तपासणीहि अशीच फसूं शकते असें सांगितलें होतें. दुसरें उदाहरण आमच्या पनवेलजवळचें वाटावें असें आहे. नेरे येथें कुष्ठरुग्णांसाठीं उभें राहिलेलें शांतिवन पुष्कळांनीं पाहिलें असेल. कुष्ठरोगावरील डॅप्सोन या औषधानें तांबड्या पेशी लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते, आणि तेवढ्या काळांत तिला चिकटलेली साखर मोजून तीन महिन्यांची सरासरी काढतात. पेशीच लवकर गेली तर साखर चिकटणार केव्हां? म्हणून डॅप्सोन घेणाऱ्या मधुमेह्याची ही सरासरी खोटी चांगली दिसते. त्याच्या बाबतींत बोटांतील रक्ताची रोजची साखरच खरी धरावी लागते.

रक्त काढण्याची रीतहि फसविते. मूठ फार वेळ आवळून धरली, किंवा नमुना दोन-तीन तास मोटारसायकलीवर हिंदकळत हिंडला, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपून आकडा फुगतो. उरणकडच्या वाड्या-वस्त्यांतून नमुने गोळा करून दूरच्या प्रयोगशाळेंत जातात, तेव्हां असें होऊं शकतें. म्हणून पोटॅशियम फार चढलेलें आलें तर डॉक्टर तें त्याच दिवशीं पुन्हां काढावयास सांगतात. त्यांत पैसे उकळण्याचा हेतु असतो असें मानण्याचें कारण नाहीं.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. "काय काय औषध घेतां?" असें डॉक्टरांनीं विचारलें म्हणजे आपण गोळ्यांचीं नांवें सांगतों, काढा सांगत नाहीं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईंतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रोगी आढळले. करोनाच्या भीतीनें ते गुळवेल घेत होते. ही हकीकत २०२१ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. केंद्राच्या आयुष मंत्रालयानें तीवर आक्षेप घेतला कीं, ती वनस्पति खरी गुळवेलच होती हें पारखून पाहिलेलें नव्हतें. हा वाद सोडविण्याचा अधिकार माझ्यासारख्यास नाहीं. तथापि यकृताचा आकडा चढलेला असतांना, घरांत कोणता काढा उकळत होता, कुंपणावरची कोणती वेल तोडली होती, हें डॉक्टरांपासून लपवून ठेवण्यांत आयुर्वेदाचाहि मान राहत नाहीं. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी तर मूत्रपिंडांच्या आकड्यामागचें अगदीं नेहमींचें गुपित आहे.

तेव्हां पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जातांना नुसता अहवाल नेऊं नये. घरांतील सर्व पाकिटें, बाटल्या व काढ्याचें पुडकें एका पिशवींत घालून न्यावें. प्रत्येक औषध कोणत्या तारखेस सुरू झालें, मात्रा कधीं बदलली, हें एका वहींत लिहिलेलें असावें. आकडा औषधाच्या आधींच चढलेला होता कीं नंतर चढला, हें त्या वहीवांचून कोणासहि सांगतां येणार नाहीं. जुने अहवाल टाकून देऊं नयेत. शक्य असेल तर तपासणी त्याच प्रयोगशाळेंत, दिवसाच्या त्याच वेळीं करावी, कारण निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशीं ताडून पाहणें म्हणजे दोन शाळांतील गुणांची तुलना करण्यासारखें आहे. डॉक्टर घाईंत असले तरी हा आकडा या औषधानें अपेक्षित आहे का, आणि किती वर गेला तर आपणांस कळवावें, एवढे दोन प्रश्न विचारावे, आणि उत्तर तेथेंच वहींत उतरवून घ्यावें. मीं पाहिलें आहे कीं, असें विचारणाऱ्यावर बहुतेक डॉक्टर रागावत नाहींत.

आणि डोळे किंवा लघवी पिवळी झाली, शौच डांबरासारखें काळें झालें, हिरड्यांतून रक्त थांबेना, अंगावर लाल-निळे ठिपके उठले, मोठ्या माणसास एकाएकीं भ्रम झाला, किंवा छातींत धडधड होऊन घेरी आली, तर अहवालाची वाट पाहूं नये. औषधांची ती पिशवी बरोबर घेऊन, रात्र असली तरी, रुग्णालय गांठावें.